वारा देईल ती तारीख: लेक सेंट क्लेअरवर बाबांबरोबर पहिली बॅस-फिशिंग

उन्हाळ्यात भारतातून आईवडील आले की मिशिगनमधल्या बहुतेक मराठी घरांचा कार्यक्रम ठरलेला असतो. नायगरा, शिकागो, मॅकिनॉ बेट, आणि मग उरलेले दिवस घरात. माझे बाबा रेवदंड्याचे. नोकरीत असतानाही रविवारी खाडीवर गरी टाकून बसायचे, निवृत्त झाल्यावर तर रोजच. यंदा तिकीट काढायच्या आधीच त्यांनी फोनवर विचारलं, "तुमच्याकडे एवढी तळी आहेत म्हणतेस, तिथे गरवायला मिळतं का गं?"

मी हो म्हटलं आणि मार्चपासून त्या एका सकाळीच्या मागे लागले. परवाना, बोट, विमा आणि सगळ्यांच्या वर वारा. पाहुण्या आईवडिलांना घेऊन असं काही करायचं तर कुठे काय लागतं ते सगळं इथे लिहितेय.

तळं निवडायला वेळ लागला नाही. डेट्रॉइटच्या ईशान्येला, आमच्या घरापासून गाडीने तासाभरावर लेक सेंट क्लेअर आहे. ह्युरॉन आणि ईरी या दोन महासरोवरांच्या मधलं हे तळं, क्षेत्रफळ सुमारे १,११० चौरस किलोमीटर, आणि मधून अमेरिका-कॅनडाची सरहद्द. एवढा विस्तार असून सरासरी खोली जेमतेम ११ फूट. बोटी जाण्यासाठी खोदलेला मार्ग सोडला तर कुठेच २१ फुटांपेक्षा जास्त पाणी नाही. ही उथळ खोली दोन अर्थांनी महत्त्वाची. एक म्हणजे सगळा तळच माशांच्या कामाचा, म्हणून स्मॉलमाउथ बॅस या गोड्या पाण्यातल्या माशासाठी हे तळं देशभरात नावाजलेलं. दुसरं म्हणजे वारा उठला की पाणी लगेच खवळतं. खोल समुद्राची लाट लांब असते, होडी तिच्यावर चढते आणि उतरते. इथल्या लाटा आखूड, उभ्या आणि एकीला लागून दुसरी. तीन फुटांची लाट ऐकायला काहीच नाही, पण अठरा-वीस फुटी बोटीत ती हाडं खिळखिळी करते.

आधी परवाना, कारण ते काम सगळ्यात सोपं. मिशिगनचा वार्षिक मासेमारी परवाना १ मार्चला सुरू होतो आणि पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालतो, म्हणजे मार्चमध्येच घेतला तर तेरा महिने मिळतात. २०२५ साली राज्यातल्या रहिवाशाला २६ डॉलर, बाहेरच्याला ७६. सतरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. माझं काम ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर टाकून घरबसल्या झालं.

बाबांचा प्रश्न वेगळा. ज्येष्ठांची सवलत फक्त मिशिगनच्या रहिवाशांना आहे, व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना नाही. पण एका दिवसाचा परवाना सगळ्यांना सारख्याच दरात, १० डॉलरला मिळतो. तो घ्यायला ओळख क्रमांक लागतो, आणि ज्यांच्याकडे मिशिगनचं लायसन्स किंवा ओळखपत्र नाही त्यांच्यासाठी नैसर्गिक साधनसंपत्ती खातं, इथे सगळे ज्याला डीएनआर म्हणतात, एक डॉलरला ‘स्पोर्टकार्ड’ देतं. परवाने विकणाऱ्या दुकानात ते मिळतं. माझं सांगणं एवढंच की कार्ड आधी करून ठेवा आणि दिवसाचा परवाना मात्र आदल्या रात्रीपर्यंत घेऊ नका. तारीख वाऱ्यावर हलते, परवान्यावरची तारीख हलत नाही.

मग हंगाम. बॅस पकडून लगेच सोडायचा असेल तर वर्षभर मुभा आहे. ठेवायचा असेल तर मिशिगनमध्ये बहुतेक ठिकाणी मेमोरियल डेच्या (मेचा शेवटचा सोमवार) आधीच्या शनिवारपासून परवानगी मिळते, पण सेंट क्लेअर तळं, सेंट क्लेअर नदी आणि डेट्रॉइट नदीवर जूनच्या तिसऱ्या शनिवारपर्यंत थांबावं लागतं. मासा १४ इंचांहून लहान नको, आणि माणशी पाचच. हे थांबणं मला पटलं. पाणी साठ-पासष्ट अंश फॅरनहाइटला पोचलं की नर शेपटीने तळात खळगा करतो, मादी त्यात अंडी घालून निघून जाते आणि राखण नर करतो. त्याला तेवढ्यात उचलला तर आजूबाजूचे गोबी मासे अंड्यांवर तुटून पडतात.

हे गोबी इथले नाहीत. मूळचे काळ्या समुद्राच्या बाजूचे, जहाजं तोलासाठी पोटात भरून आणतात त्या पाण्यातून आले. सेंट क्लेअर नदीत ते १९९० साली पहिल्यांदा सापडले. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९८८ मध्ये, याच तळ्यात झेब्रा शिंपले सापडले होते. ते शिंपले पाणी गाळून गाळून नितळ करतात, नितळ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत जातो, पाणवनस्पती फोफावते. बॅस नजरेने शिकार करणारा, त्याला नितळ पाणी हवंच होतं, आणि वर गोबीचं आयतं खाणं. तळ्याचं या पाहुण्यांनी नुकसानही पुष्कळ केलं, पण इथले बॅस धष्टपुष्ट होण्यामागे तेही आहेत. हे वाचताना बाबांना काय काय सांगायचं याची मी यादीच करत होते.

एप्रिलच्या सुरुवातीला बोटीची चौकशी केली. आमच्याकडे बोट नाही. भाड्याने घेऊन स्वतः चालवायचा विचार मी लगेच सोडला. १ जुलै १९९६ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना मिशिगनमध्ये मोटरबोट चालवायला सुरक्षा प्रमाणपत्र लागतं, माझ्या वयाला कायद्याने ते सक्तीचं नाही. पण कायदा मोकळं सोडतो म्हणून सत्तरीच्या वडिलांना घेऊन अनोळखी पाण्यात जाणं योग्य नव्हे. कोस्ट गार्डचा परवाना असलेला कॅप्टन घ्यायचं ठरवलं. असे कॅप्टन बहुधा जास्तीत जास्त सहा प्रवासी नेऊ शकतात. रॉड, रीळ, आमिषं, जॅकेट सगळं त्यांचंच.

चार-पाच जणांशी बोलले. दर जवळपास सारखेच होते, फरक उत्तरांत होता. मी विचारत गेले: हवा खराब असेल तर रद्द कोण करणार, तुम्ही की मी? अनामत पुढच्या तारखेला वळते का? मध्यम बांध्याच्या, पोहता न येणाऱ्या माणसाला बसेल असं जॅकेट आहे का? बोटीवर बसायला पाठ टेकणारी खुर्ची आहे का? एकाने हवेचा प्रश्न हसण्यावारी नेला, त्याला मी परत फोन केला नाही. ज्याला ठरवलं तो म्हणाला, "निर्णय मी घेतो, आदल्या संध्याकाळी सातपर्यंत सांगतो, आणि मी नाही म्हटलं तर तुमचा पैसा बुडत नाही." सहा तासांचे ५५० डॉलर, त्यातले १५० आगाऊ. शनिवार-रविवार एप्रिलमध्येच भरले होते. जूनच्या शेवटच्या आठवड्यातला मंगळवार मिळाला आणि तो चांगलाच ठरला, कारण आठवड्याच्या मधे तळ्यावर बोटी कमी आणि त्यांच्या मागच्या लाटाही कमी. बाबांचं परतीचं विमान जुलैच्या मध्यावर होतं, म्हणून मी तेव्हाच विचारून जुलैच्या पहिल्या आठवड्यातला एक दिवस राखीव म्हणून लिहून ठेवायला सांगितला. ऑफिसातही दोन्ही दिवसांची रजा टाकून ठेवली.

विम्याचं काम मला वाटलं त्यापेक्षा लांबलं. बाबांच्या व्हिजिटर पॉलिसीत ‘साहसी जलक्रीडा’ वगळलेल्या होत्या. कॅप्टनच्या बोटीत बसून मासे धरणं त्यात येतं का, हे मला लेखी हवं होतं. फोनवर लगेच ‘येत नाही’ म्हणाले, ईमेल यायला दोन आठवडे गेले आणि मधे बऱ्याचदा आठवण करावी लागली. तरी लेखीच घ्या.

मेमध्ये आईबाबा आले. आईने पहिल्याच दिवशी जाहीर केलं की ती बोटीत पाय ठेवणार नाही, मासा आला तर बघेल. बाबांनी आयुष्यभर हाताने दोर फेकलेला. बोटाला गुंडाळलेलं तंगूस (नायलॉनचा दोर), खाली शिसं, कोलंबीचा तुकडा, संपलं. स्पिनिंग रिळाचं त्यांना थोडं दडपण होतं. एक साधा सात फुटी रॉड ६० डॉलरला आणला आणि गळाच्या जागी नुसतं वजन बांधून मागच्या अंगणात सराव सुरू केला. रिळावरची तार उघडायची, तर्जनीवर दोर धरायचा, फेकताना सोडायचा, तार हाताने बंद करायची. रोज चहानंतर ते अंगणात. शेजारचे आजोबा कुंपणावरून बघायचे, मग एके दिवशी स्वतःचा रॉड घेऊन आले. दोघांचं इंग्रजी एकमेकांना फारसं कळत नव्हतं, पण मनगट कधी थांबवायचं ते बाबांना त्यांनीच शिकवलं.

मी तोवर वारा वाचायला शिकत होते. फोनवरचं हवामान शहराचं असतं, पाण्याचं नसतं. राष्ट्रीय हवामान सेवेचा किनारी अंदाज वेगळा येतो, त्यात लेक सेंट क्लेअरचा स्वतंत्र भाग असतो, आणि वारा मैलांत नाही तर नॉटमध्ये दिलेला असतो. एक नॉट म्हणजे साधारण सव्वा मैलाला थोडा कमी, एवढं लक्षात ठेवलं तरी गोंधळ होत नाही. वारा २२ नॉटच्या वर जाणार असेल तर लहान बोटींसाठी इशारा निघतो. पण इशारा नाही म्हणजे दिवस चांगला असं नाही. तळ्यातल्या दीपस्तंभावर एक नोंदकेंद्र आहे, तिथला चालू वारा कोणालाही बघता येतो. मी रोज सकाळी अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी लिहून ठेवायचे.

आणि दिशा. मी आकड्यात अडकले होते, दिशेचं महत्त्व बाबांनी नकाशा बघून सांगितलं. आमचा किनारा तळ्याच्या पश्चिमेला. "पश्चिमेचा वारा असेल तर तुम्हाला जमिनीचा आडोसा आहे. पूर्वेचा असेल तर सगळं तळं ओलांडून लाट तुमच्याच अंगावर." पूर्व-पश्चिम जवळजवळ चाळीस किलोमीटर मोकळं पाणी. बारा नॉटचा पश्चिम वारा आणि बारा नॉटचा पूर्व वारा हे इथे दोन वेगळे दिवस आहेत. कॅप्टनने नंतर हेच सांगितलं, वर आणखी एक गोष्ट: पूर्वेचा वारा दोन दिवस चालला की किनाऱ्याचं पाणी गढूळ होतं आणि वारा पडल्यावरही बॅस लगेच खायला लागत नाहीत.

ठरलेल्या मंगळवारच्या आधी रविवारपासूनच अंदाजात पूर्व-आग्नेय दिसायला लागलं. सोमवारी संध्याकाळी सातला पाच मिनिटं कमी असताना फोन आला. कॅप्टन म्हणाला, "जाऊ शकतो, पण तुमच्या वडिलांना मजा येणार नाही." मला वाईट वाटलं, खरं तर रडूच येत होतं, कारण बाबांनी दुपारीच दुसऱ्या दिवशीचे कपडे कपाटातून काढून खुर्चीवर ठेवले होते. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "बरोबर केलंन त्याने. वारा बघून जो थांबतो त्याच्याच होडीत बसावं." आणि टीव्ही लावला.

पुढचे दहा दिवस मला जड गेले, त्यांना नाही. राखीव दिवसाच्या आदल्या संध्याकाळी फोन आला: पश्चिमेचा वारा, आठ ते दहा नॉट, दुपारनंतर वाढेल, साडेपाचला रॅम्पवर (बोटी पाण्यात उतरवायच्या उतारावर) या. रात्री साडेआठला बाबांचा एक दिवसाचा परवाना काढला, छापला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला. बोट लागण्याची गोळी दोघांनीही झोपताना घेतली, सकाळी घेऊन तिचा म्हणावा तसा उपयोग होत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

हॅरिसन टाउनशिपमधला हार्ली एन्साइन रॅम्प हा डीएनआरचा. तिथे गाडीला ‘रिक्रिएशन पासपोर्ट’, म्हणजे राज्याच्या उद्यानांचा प्रवेश-पास, लागतो, नंबरप्लेटचं नूतनीकरण करताना त्याचे पैसे भरले असतील तर वेगळं काही करावं लागत नाही. बायकांसाठी एक सूचना: अशा बोटींवर स्वच्छतागृह नसतं. निघण्यापूर्वी रॅम्पवरच जाऊन घ्या आणि तासाभराने मधे परत यावं लागलं तर येऊ का, हे कॅप्टनला आधीच विचारून ठेवा. मी विचारलं होतं, त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

धक्क्यावर दिव्याखाली फिशफ्लायचा थर पडला होता. हे लांब शेपटीचे नाजूक किडे जून-जुलैत तळातून वर येतात, एखाद-दुसरा दिवस जगतात. पायाखाली कुरकुर आवाज होत होता. बाबा वाकून एक उचलून बघत राहिले, त्याचे पंख फुंकर मारल्यावर उभे राहत होते. कॅप्टनने आम्हाला जॅकेटं चढवली, पट्टे स्वतः ओढून बघितले, अग्निशामक आणि बुडणाऱ्याकडे फेकायची तरंगती उशी कुठे आहे ते दाखवलं. फोनचं रोमिंग बंद करायला त्यानेच सांगितलं. तळ्यावर कॅनडाचे टॉवर पकडले जातात आणि बिल येतं. आम्ही मिशिगनच्याच पाण्यात राहणार होतो. पलीकडे गळ टाकायचा तर ऑन्टारिओचा परवाना वेगळा लागतो.

किनारा मागे पडला तेव्हा पाण्यावर नुसत्या सुरकुत्या होत्या. चौदा फूट पाणी, खाली वाळू आणि मधूनमधून गवताचे पट्टे. कॅप्टनने नांगर टाकला नाही. बोटीच्या बाजूला पाण्यात एक कापडी थैली सोडली, ती पाण्याने फुगते आणि वाऱ्यावर वाहणारी बोट धरून ठेवते. आता वारा जसा नेईल तसं आम्ही सावकाश सरकणार आणि आमिष तळावरून फरफटत मागे येणार. आमिष म्हणजे चार इंची पोकळ रबरी ट्यूब, रंग हिरवट तपकिरी, आत शिशाच्या डोक्याचा गळ. दिसायला गोबीसारखी.

बाबांनी दोन-तीनदा नीट फेकलं आणि मग एक गोष्ट स्वतःच बदलली. रिळाच्या पुढचा दोर त्यांनी डाव्या हाताच्या दोन बोटांत धरला. कॅप्टन बघत होता, काही बोलला नाही. "दगड... वाळू... गवत," बाबा हळूहळू मला सांगत होते. "हे बारीक टोचतंय ते चिल्लर आहे." मग गप्प झाले. बोटं मिटली, रॉड वर गेला आणि वाकला.

स्मॉलमाउथ पाण्याबाहेर उडी मारतो हे मी वाचलं होतं. वाचणं वेगळं. मासा बोटीपासून वीस-पंचवीस हातांवर सबंध बाहेर आला, डोकं झटकलं आणि परत आत. बाबा ओढत नव्हते, दोर देत होते आणि घेत होते. जाळ्यात आला तेव्हा अठरा इंच भरला, वजन साडेतीन पौंडांवर. कांस्याच्या रंगाचा, अंगावर गडद उभे पट्टे, डोळा लाल. खालचा जबडा अंगठ्याने कसा धरायचा ते कॅप्टनने दाखवलं. दात बारीक, पॉलिशपेपरसारखे खरखरीत, पाठीवरचे काटे मात्र टोकदार.

फोटोसाठी धरला असताना माशाने तोंडातून अर्धवट पचलेला एक बोटभर गोबी बाहेर टाकला. बाबांनी तो तळहातावर घेतला, उलटा केला, पोटाखालचे जोडलेले पर बघितले. "ही तर निवटी!" रेवदंड्याच्या खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या, आणि हा गोबी. दोघे एकाच गोतातले. कॅप्टनला मी ते समजावलं, चिखलात चालणारा मासा म्हटल्यावर त्याने फोनवर व्हिडिओ दाखवायला सांगितला.

बॅस आम्ही सगळे सोडले. बाबांना ते अवघड गेलं आणि मी ते लपवणार नाही. मासा धरायचा तो खायला, हे त्यांचं सबंध आयुष्य. मी त्यांना आधीच सांगितलं होतं की या तळ्यात १९७० साली पाऱ्यामुळे मासेमारी बंद करावी लागली होती, आता परिस्थिती पुष्कळ सुधारली असली तरी राज्याचं आरोग्य खातं कोणता मासा महिन्यातून किती वेळा खावा याचा तक्ता काढतं आणि बॅसवर मर्यादा आहे. तक्ता फुकट मिळतो, मासा घरी नेणाऱ्यांनी जरूर बघावा, विशेषतः घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर. पहिला मासा बाबांनी दोन्ही हातांनी पाण्यात धरला, तो शेपटी मारून गेला, आणि ते म्हणाले, "गेला." दुसऱ्या-तिसऱ्याला मात्र सोडण्याआधी त्याच्याशी बोलायला लागले.

अकराच्या सुमारास दूरच्या खोल मार्गाने एक प्रचंड मालवाहू जहाज गेलं. त्याच वेळी वाऱ्यात फरक पडला. बाबांनी आणि कॅप्टनने जवळजवळ एकदमच वर पाहिलं. पंधरा मिनिटांत पाण्यावर पांढरे फेस दिसायला लागले. सहा तास पूर्ण व्हायला थोडा वेळ होता, पण कॅप्टनने थैली ओढून घेतली आणि आम्ही कुणी तक्रार केली नाही. परतीच्या वाटेवर तुषार येत होते, जुलै असूनही रेनकोट अंगावर हवाच होता.

खर्च असा झाला: बोट ५५०, कॅप्टनला बक्षिशी १००, माझा परवाना २६, बाबांचा परवाना आणि कार्ड ११, रॉड ६०, पेट्रोल आणि न्याहारी धरून ४०. एकूण ७८७ डॉलर. तीन-चार जण मिळून गेलात तर माणशी बरंच कमी पडेल. किनाऱ्यावरून किंवा तळ्याकाठच्या मेट्रोपार्क या सार्वजनिक उद्यानाच्या धक्क्यावरून मासे धरायला परवाना आणि पार्कचं प्रवेशशुल्क सोडून काही लागत नाही. बोटीवर खर्च करण्याआधी आवड आहे का ते तिथे बघता येईल. जूनमधल्या एका शनिवार-रविवारी राज्यात परवान्याशिवायही गळ टाकता येतो, तो दिवस नवख्यांसाठी चांगला.

घरी आल्यावर आईने विचारलं, "मासा कुठाय?" बाबांनी फोटो दाखवला. संध्याकाळी दुकानातला पर्च मासा आणून तिने त्याचं कालवण केलं. बाबा पुढच्या वर्षी सप्टेंबरात येणार म्हणतात, तेव्हा पाणी गार होतं आणि बॅस थंडीआधी अधाशासारखे खातात असं कॅप्टनने त्यांच्या डोक्यात भरवलंय. मी त्याला दोन मंगळवार आणि एक बुधवार लिहून ठेवायला सांगितलंय.